पान क्रमांक सांगा : विकिपीडियावरची भांडणे कशी मिटतात

माझ्याकडे राजर्षी शाहू महाराजांचे एक जुने चरित्र आहे. मुखपृष्ठ आणि पहिली काही पाने गेलेली, कडा कुरतडलेल्या, रद्दीच्या दुकानातून चाळीस रुपयांना उचललेले. त्यात महाराजांची जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशी छापलेली आहे. आपण जयंती करतो ती २६ जूनला, आणि राज्य सरकार तोच दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. महाराजांचा जन्म कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. ती वास्तू माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. इतक्या जवळच्या माणसाची तारीख चुकीची पसरते आहे आणि आपण गप्प बसायचे, हे काही मला पटेना. जुने पुस्तक म्हणजे घटनेच्या जास्त जवळचे, म्हणून जास्त खरे, असा माझा तेव्हाचा सरळ हिशेब होता.

मी मराठी विकिपीडियावर गेलो, पान उघडले, ‘संपादन’वर टिचकी मारली आणि जूनचा जुलै करून टाकला. अर्ध्या तासात पुन्हा जून झाला. मी पुन्हा जुलै केला. पुन्हा जून. तिसऱ्यांदा करायला बसलो तेव्हा शेजारचा संगणक शिकलेला मुलगा खुर्चीमागे उभा होता. म्हणाला, “काका, थांबा आता. इंग्रजीत असता तर खातं बंद पडलं असतं तुमचं.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजले की मी जे करत होतो त्याला तिथे नाव आहे : संपादन युद्ध. इंग्रजी विकिपीडियावर त्याला नियमही आहे. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे काम उलटवले, तर बाजू खरी असो वा खोटी, संपादन करण्याची मुभा काही काळ काढून घेतली जाते. बाजू खरी असो वा खोटी, हे नीट लक्षात घ्यावे. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना चालू असताना धक्काबुक्की झाली, तर पंच आधी दोघांनाही कार्ड दाखवतो. चेंडू कोणाचा होता हे नंतर. तसेच हे.

ज्यांनी विकिपीडिया फक्त वाचला आहे त्यांच्यासाठी थोडी मांडणी सांगतो. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला, मराठी आवृत्ती मे २००३ पासूनची. प्रत्येक लेखाच्या पाठीमागे दोन गोष्टी असतात, ज्या बहुतेक वाचक कधी उघडत नाहीत. एक म्हणजे ‘इतिहास’. त्या पानावर पहिल्या दिवसापासून कोणी, किती वाजता, कोणता शब्द बदलला याची नोंद असते. खोडलेले काही सहसा नष्ट होत नाही, ते मागच्या आवृत्तीत तसेच राहते. दुसरी गोष्ट ‘चर्चा’. लेखात काय असावे यावर तिथे वाद घालायचा, लेखात नाही. एवढ्या दोन सोयींवर हा सगळा डोलारा उभा आहे. चूक केलेली दिसते, आणि भांडणाला वेगळी जागा असते.

मराठी विकिपीडियाने या कामासाठी घडवलेले शब्द मला फार आवडतात. सराव करायच्या जागेला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात. आपोआप काम करणाऱ्या संगणकीय खात्याला ‘सांगकाम्या’. देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्याला ‘प्रचालक’. आणि सगळ्यांनी जमून बोलायच्या पानाला ‘चावडी’. इंग्रजीत त्या पानाला गावच्या पाणवठ्याचे नाव आहे. आपल्या लोकांनी भाषांतर न करता आपल्या गावातली नेमकी जागा शोधून काढली.

तर मी चर्चा पानावर गेलो. माझी जून-जुलै उलटवणाऱ्या सदस्याने तिथे आधीच दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. मला वाटले होते शिव्या असतील. तिथे प्रश्न होते. पुस्तकाचे नाव काय, लेखक कोण, प्रकाशनाचे वर्ष कोणते, पान क्रमांक सांगा. आणि शेवटी : त्या लेखकाने ही तारीख कोठून घेतली, असे त्याने कुठे म्हटले आहे का?

पान क्रमांक माझ्याकडे होता. बाकी काहीच नव्हते, कारण पहिली पानेच नव्हती! आठवडाभर मी करवीर नगर वाचन मंदिरात फेऱ्या मारल्या. १८५० सालची ही संस्था, अशा कामाला तिच्यासारखी जागा नाही. माझ्या पुस्तकाची अखंड प्रत मिळाली. लेखक कळला, वर्ष कळले. पण तारखेला कसलाही आधार दिलेला नव्हता. त्याच कपाटातली आणखी दोन जुनी पुस्तके काढली, त्यांतही जुलैच. आणि दोघांचीही वाक्यरचना माझ्या पुस्तकासारखी. म्हणजे तीन पुस्तके, पण साक्षीदार बहुधा एकच. नंतरच्या अभ्यासकांनी जून धरला आहे. मी हे सगळे, माझ्या बाजूला अडचणीचे होते तेही, चर्चा पानावर लिहिले. समोरच्याने दोन दिवसांनी उत्तर दिले : मुख्य मजकुरात २६ जून ठेवू, आणि तळटीप देऊ की काही जुन्या चरित्रांत २६ जुलै १८७४ अशी तारीख आढळते. मी हो म्हटले. त्याचे खरे नाव, गाव, वय मला आजही माहीत नाही.

या छोट्या प्रकरणात विकिपीडियाची पद्धत जवळजवळ पूर्ण आली आहे. आपल्याला वाटते वाद मिटणे म्हणजे कोण बरोबर ते ठरणे. तिथे ते ठरवायला कोणी बसलेलेच नाही. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा होता. वाईच्या मराठी विश्वकोशात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांचे संपादक मंडळ होते, नोंदीखाली लेखकाचे नाव होते. चूक निघाली तर जाब कोणाला विचारायचा हे माहीत होते. विकिपीडियावर असा माणूस नाही. म्हणून तिथे प्रश्नच बदलावा लागतो. ‘खरे काय’ हे बाजूला ठेवून ‘कोणी, कोठे, कशाच्या आधारे काय म्हटले आहे’ एवढेच विचारायचे, आणि ज्या मताला जितका आधार तितकी जागा द्यायची. पहिला प्रश्न अनोळखी माणसांत सुटत नाही. दुसरा सुटू शकतो, कारण त्याचे उत्तर कपाटात असते.

शिवजयंतीचे उदाहरण बघा. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १६२७ की १६३०, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालला. टिळकांनी त्यावर लिहिले, जेधे शकावली पुढे आली, परमानंदाचे शिवभारत छापले गेले, शासनाने १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली, आणि तरी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारी पातळीवर स्वीकारली जायला पुढची कित्येक वर्षे लागली. आजही तारखेची आणि तिथीची अशा दोन जयंत्या होतात. ज्ञानकोशाच्या पानाने हा तंटा सोडवायचा नसतो. स्वीकारलेली तारीख वर लिहायची, दुसरी कोणती होती आणि ती का मागे पडली ते खाली लिहायचे, एवढेच त्याचे काम.

आता माझ्यासारख्याला या पद्धतीत खरा चटका कुठे बसतो ते सांगतो. मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. नोकरी सांभाळून मोडी शिकलो, शनिवार-रविवार दप्तरांत घालवले. समजा उद्या मला पुरालेखागारात एखादा कागद सापडला आणि त्यावरून एखादी प्रस्थापित गोष्ट चुकीची ठरत असेल, तर मी तो विकिपीडियावर लिहू शकत नाही. तिथला एक मूलभूत नियम आहे : स्वतःचे अप्रकाशित संशोधन इथे आणू नका. कागद मी वाचला, अर्थ मी लावला, तपासला कोणी? पहिल्यांदा हे वाचले तेव्हा अपमान वाटला. वीस वर्षे धूळ खाल्लेल्या माणसापेक्षा, कुठूनतरी उतरवून छापलेल्या पुस्तकाला जास्त मान!

राग ओसरल्यावर लक्षात आले की हा नियम नसता तर माझ्याच गल्लीतले तिघेजण त्याच कागदाचे तीन अर्थ लावून त्याच पानावर बसले असते. मोडी वाचता येते असे म्हणणारा प्रत्येकजण मोडी वाचू शकतोच असे नाही, हे मी स्वतःच्या सुरुवातीच्या वाचनांवरून सांगतो. रस्ता लांबचा आहे पण आहे : आधी नियतकालिकात छापा, जाणकारांना हाणू द्या, मग दुसरा कोणी ते संदर्भ म्हणून घेईल. (दिवाळी अंकातला लेख संदर्भ म्हणून चालतो का, असे मला एकाने विचारले होते. लेखक कोण आणि त्याने आधार काय दिले यावर अवलंबून, असे तिथले सावध लोक म्हणतील. हा लेख मी स्वतः तरी जपून वापरीन.)

दुसरी समजूत मतदानाची. एका वादात एका बाजूने मोबाईलवरच्या गटात निरोप फिरवला आणि रात्रीत पंचवीस नवी खाती चर्चा पानावर येऊन ‘माझाही पाठिंबा’ लिहून गेली. तालमीच्या मिरवणुकीत हे चालते. तिथे त्याचा उलट परिणाम होतो. सहमती म्हणजे हात मोजणे नव्हे, मुद्दे तोलणे, असा संकेत आहे. पंचवीस जणांचा एकच मुद्दा हा एकच मुद्दा धरतात. शिवाय नवी खाती एकाच माणसाची असल्याचा संशय आला तर तपासणी होते, आणि पकडलेली खाती बंद होतात. बाहेरून माणसे बोलावणे हाच गैरवर्तनाचा प्रकार समजतात. त्या पंचवीसांतला एकजण जरी एखादे पुस्तक घेऊन आला असता, तर बाजू उभी राहिली असती.

दोघांत मिटले नाही तर पुढे काय? इंग्रजीत त्याच्या पायऱ्या आहेत. वाद दोघांतच असेल तर तिसऱ्या तटस्थ सदस्याचे मत मागवता येते. जास्त जणांचा असेल तर जाहीर मत मागवतात. ते साधारण महिनाभर खुले राहते आणि शेवटी वादात नसलेला अनुभवी सदस्य मुद्दे वाचून निष्कर्ष लिहितो. दरम्यान पान सुरक्षित करतात, म्हणजे नव्या खात्यांना किंवा सगळ्यांनाच ते बदलता येत नाही. पान कुलूपबंद होताना ज्या आवृत्तीत होते तसेच राहते, आणि तिथला जुना विनोद असा की पान नेहमी चुकीच्याच आवृत्तीत सुरक्षित होते. दोन्ही बाजू तसेच म्हणतात! भारत आणि पाकिस्तानसंबंधीच्या पानांवर तर विशेष कडक नियम लागू करता येतात. काही ठिकाणी तीस दिवस जुने आणि पाचशे संपादने झालेले खाते असल्याशिवाय हात लावता येत नाही.

सर्वांत वर एक लवाद समिती, २००४ च्या सुरुवातीपासून काम करणारी, सदस्यांनी निवडून दिलेली. पण गंमत पहा, ही समितीसुद्धा मजकुराचा निवाडा करत नाही. तारीख जून की जुलै हे ती सांगणार नाही. कोण कसे वागले एवढेच ती पाहते. न्यायालयाची सवय असलेल्या आपल्या मनाला हे विचित्र वाटते.

यातले सगळे वाद काही थोर नसतात. एका इंग्रजी चित्रपटाच्या नावातला ‘इनटू’ हा शब्द मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू करावा की लहान, यावर चर्चा पानावर चाळीस हजारांहून अधिक शब्द लिहिले गेले. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावर झालेल्या भांडणांची आठवण झाली म्हणून मला त्यात फारसे हसू आले नाही.

मराठीत या सगळ्या पायऱ्या नाहीत, आणि अडचण नियमांची नाही, माणसांची आहे. लवाद समिती नाही. नियमित काम करणारे प्रचालक बोटांवर मोजावेत इतके. लेख लाखाच्या घरात. चावडी आहे, पण पारावर कोणी बसलेले असेल याची खात्री नाही. माझ्या प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर मिळाले हे माझे नशीब; कित्येक चर्चा पानांवर प्रश्न विचारून वर्षे लोटली आहेत. अशा जागी दुसराच धोका येतो : जो टिकून बसेल त्याचे पान.

हा धोका काल्पनिक नाही. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर सुमारे दहा वर्षे एका विचाराच्या मोजक्या प्रचालकांची पकड होती. इतिहासाची पाने, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीची, त्यांनी सौम्य करून टाकली. हरकत घेणाऱ्यांची खाती बंद केली. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो विकिपीडिया वापरू नका असे जाहीर सांगितले. पकड २०२० मध्ये सुटली, आणि पुढच्या वर्षी विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर सविस्तर अहवाल काढला. नियम तिथेही तेच होते जे इंग्रजीत आहेत. ते राबवायला वेगवेगळ्या मतांची पुरेशी माणसे नव्हती.

नावांचे वाद हा आपल्या सीमाभागाचा खास विषय, त्यावर थोडे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने बेळगावचे अधिकृत नाव बदलले. मराठी विकिपीडियावर बेळगावच आहे. यात कोणाचा विजय नाही. त्या त्या भाषेतल्या लिखाणात जे नाव रूढ, ते शीर्षक, आणि बाकीची नावे पहिल्या ओळीत, असा तिथला सर्वसाधारण संकेत. इंग्रजीत मात्र दोन्ही बाजूंचे लोक एकाच पानावर येतात, म्हणून तिथे ठिणग्या जास्त. युरोपात असेच एक शहर आहे, जर्मन त्याला डान्झिग म्हणत, पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात. त्यावरून इतकी उलटापालट झाली की २००५ मध्ये अपवाद म्हणून चक्क मतदान घेतले. निघालेला तोडगा मला शहाणपणाचा वाटतो : १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना डान्झिग, त्याआधी आणि नंतर ग्दान्स्क. काळाप्रमाणे नाव. आमच्या भागातल्या काही गावांना हा उपाय लागू पडेल, पण ते सुचवायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आणि आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला घेतला तो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि त्याच दिवसांत इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांच्या पानातला काही मजकूर लोकांच्या नजरेस आला. संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी दखल घेतली, महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला मजकूर काढण्यासाठी नोटीस पाठवली, आणि काही संपादकांवर गुन्हा दाखल झाला. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला तो मजकूर वाचून वाईट वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटले. कायद्याने काय करावे यावर मी बोलणार नाही. पण विकिपीडियाच्या रस्त्याने काय करता आले असते, आणि अजूनही येईल, हे सांगणे माझ्या आवाक्यात आहे.

संभाजी महाराजांची डागाळलेली प्रतिमा आली कोठून? मुख्यतः त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या बखरींतून, त्यांत मल्हार रामराव चिटणिसाची बखर प्रमुख. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मोठ्या इतिहासकारांपर्यंत तिचा ठसा पोहोचला. तो पुसण्याचे काम मराठी संशोधकांनी केले. वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र १९६० चे. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ चे. बेंद्र्यांनी त्यासाठी आयुष्यातली किती वर्षे घातली हे या क्षेत्रातल्यांना सांगायला नको. आपल्या कोल्हापूरच्या डॉ. जयसिंगराव पवारांनी संभाजी स्मारक ग्रंथ संपादित केला. या सगळ्यांनी समकालीन कागद पुढे ठेवून बखरींची उलटतपासणी केली आहे.

विकिपीडियाला संदर्भ इंग्रजीच हवा असा नियम नाही. मराठी ग्रंथ चालतो. कोणी शंका घेतली तर मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर द्यावे लागते, इतकेच. तिथे ‘कोणत्या मताला किती जागा’ हा वाद असतो, आणि ज्या मताचे ग्रंथ मांडलेच जात नाहीत त्याला जागा मिळत नाही. कोणा जुन्या इंग्रजी पुस्तकाची प्रत आंतरजालावर सहज सापडते, बेंद्र्यांच्या पुस्तकासाठी वाचनालयात जावे लागते. तफावतीचे मूळ निदान काही अंशी तरी इतके साधे आहे. जुना मजकूर खोडायचीही गरज पडत नाही : ‘अमुक बखरीत असे म्हटले आहे, ती इतक्या वर्षांनंतरची आहे, अमुक संशोधकाने तो आरोप या कारणांनी अमान्य केला आहे’ असे तीन दुवे जोडले की वाचकासमोर पूर्ण चित्र येते.

त्या फेब्रुवारीत शेजारचा तो मुलगा पुन्हा आला होता. हातात मोबाईल, चेहरा लाल. “काका, तुम्हाला जमतंय हे. काढून टाका ना ते!” मी म्हटले, काढले तर पाच मिनिटांत परत येईल, तुला माहीत आहे, तूच मला शिकवलेस. बेंद्रे वाचलेस का? नव्हते वाचले. पवारसरांचा ग्रंथ? नाव ऐकले होते.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे वाचन मंदिरात गेलो. तो इंग्रजी चांगले लिहितो, मला कुठल्या कपाटात काय आहे ते माहीत आहे. बखरीतल्या आरोपांची एक यादी केली आहे, आणि एकेका आरोपासमोर कोणी, कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर काय उत्तर दिले ते वहीत उतरवतो आहोत. सातपैकी चार झाले. पाचव्याला अडलो आहोत, कारण ज्या आवृत्तीचे पान मी टिपून ठेवले होते ती आणि वाचनालयातली आवृत्ती वेगळी निघाली. पान क्रमांक जुळत नाहीत.